कनेटिकटचे बिशप: राजाची शपथ, अ‍ॅबरडीनची माडी आणि बँकेचे बुडालेले पैसे

कनेटिकटकर

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनला येल बघायला पाहुणे आले की ग्रीनवर, म्हणजे गावातल्या मोठ्या मैदानावर, फोटो होतोच, आणि त्या फोटोत मागे तीन चर्च येतात. दोन विटांची, पांढऱ्या मनोऱ्यांची, आणि एक काळपट तांबूस दगडाचं, टोकदार कमानींचं, जरा वेगळ्याच घराण्यातलं वाटणारं. ते ट्रिनिटी, एपिस्कोपल लोकांचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या, बिशप मानणाऱ्या पंथाचं. बाकीची दोन काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप न मानणाऱ्यांची. तिन्ही १८१२ ते १८१६ या चार वर्षांत उभी राहिली, त्यामुळे आज बघणाऱ्याला वाटतं सगळे गुण्यागोविंदाने नांदत असतील. अजिबात नाही, शंभर वर्षं भांडत होते.

आपल्या डोक्यात असतं की इंग्रजांची वसाहत म्हणजे तिथे चर्च ऑफ इंग्लंड (यालाच अँग्लिकन म्हणतात), राजाचा धर्म. व्हर्जिनियात तसंच होतं. कनेटिकटात उलटं. इथे आलेले प्युरिटन बिशपांच्या जाचाला कंटाळूनच इंग्लंड सोडून आलेले, मग त्यांनी इथे जी घडी बसवली त्यात बिशप नावाचा प्राणीच नाही, गावची मंडळी आपला पाळक आपण निवडणार आणि त्याचा पगार गावावरच्या करातून. कर कायद्याने, म्हणजे तुम्ही अँग्लिकन असलात तरी भरायचा. १७०६ मध्ये न्यूयॉर्ककडचा कर्नल कॅलेब हीथकोट एका पाद्र्याला घेऊन स्ट्रॅटफर्डला आला तो हत्यारबंद होऊनच आला, एवढं प्रेमळ वातावरण. तरी १७०७ मध्ये तिथे राज्यातली पहिली अँग्लिकन मंडळी जमलीच. स्वतःची इमारत व्हायला मात्र १७२४ उजाडलं. १७२७ मध्ये कायदा झाला की जवळपास अँग्लिकन पाळक असेल तर तुमचा कर त्याला मिळेल. नसेल तर भरा निमूटपणे काँग्रिगेशनल पाळकासाठी.

पण खरी ठिणगी पडली येलमध्ये. येल म्हणजे तेव्हा काँग्रिगेशनल पाळक तयार करायचा कारखानाच. १७१४ मध्ये जेरेमाया डमर नावाच्या एजंटाने लंडनहून या कॉलेजला आठशेच्या वर पुस्तकं जमवून पाठवली, त्यात अँग्लिकन लेखकांचीही भरपूर. पोरं आणि मास्तर ती वाचत बसले आणि त्यांना शंका यायला लागली की बिशपच्या हातून दीक्षा नसेल तर आपली पाळकी खरी तरी आहे का. सप्टेंबर १७२२ च्या पदवीदान समारंभाला बॉम्ब फुटला. खुद्द रेक्टर (म्हणजे कॉलेजचा प्रमुख) टिमथी कटलर धरून सात जणांनी सहीनिशी लिहून दिलं की आमची खात्री उरलेली नाही. गव्हर्नर सॉल्टनस्टॉलने समोरासमोर वाद घडवून आणला, तिघांनी माघार घेतली, चौघे ठाम राहिले. कटलरची नोकरी गेली, आणि येलने नियम केला की यापुढे रेक्टर आणि शिक्षकांनी आधी आमच्या मतांना मान्यता द्यायची.

कटलर पुढे बॉस्टनला क्राइस्ट चर्चमध्ये गेला. तेच ते ओल्ड नॉर्थ, जिथे १७७५ ला कंदील लावून ब्रिटिश फौज निघाल्याचा इशारा दिला होता! दुसरा, सॅम्युअल जॉन्सन, स्ट्रॅटफर्डचा पाळक झाला आणि कनेटिकटच्या अँग्लिकनांचा आधारस्तंभ ठरला.

पहिल्या बिशपची गोष्ट पुढच्या प्रतिसादात लिहितो, ती मोठी आहे.

अस्मि

मस्त सुरुवात, वाचतेय. एक बाळबोध प्रश्न, बिशप नसेल तर नेमकं अडतं काय? पाळक आहे, चर्च आहे, रविवारी प्रार्थना होतेय, मग?

नगरी मिसळ

अस्मिताई, याचं उत्तर मी देतो, आमचं घराणं तीन पिढ्या चर्चच्या मंडळीतलं आहे.

अँग्लिकन पद्धतीत दोन गोष्टी फक्त बिशपच करू शकतो. एक म्हणजे पाळकाला दीक्षा, बिशपने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय पाळक होता येत नाही. दुसरी म्हणजे दृढीकरण, बाप्तिस्मा झालेली पोरं मोठी झाली की त्यांचं. आणि नवा बिशप करायचा तर आधीचे बिशप लागतात, पद्धत तीन जणांची. म्हणजे साखळी प्रेषितांपासून अखंड पाहिजे, मधेच कुणी उठून मी बिशप म्हणायची सोय नाही.

आता अमेरिकेतले अँग्लिकन कागदोपत्री लंडनच्या बिशपाखाली, आणि तो काय समुद्र ओलांडून येत नाही. म्हणजे दृढीकरण जवळजवळ कुणाचंच नाही, आणि पाळक व्हायचं असेल तर पोराने तीन हजार मैल जहाजाने लंडनला जायचं, परीक्षा द्यायची, दीक्षा घ्यायची आणि परत यायचं. परत आला तर. वर कटलरचं नाव आलंय, त्याच्याबरोबर गेलेला डॅनियल ब्राऊन दीक्षा मिळाल्यावर थोड्याच दिवसांत लंडनलाच देवीच्या आजाराने गेला, १७२३ मध्ये. आणि त्याच वेळी सोबत असलेल्या जॉन्सनने पुढे स्वतःच्या मुलाला, विल्यमला, त्याच वाटेवर पाठवलं, तोही १७५६ मध्ये दीक्षा घेऊन लंडनला देवीनेच मेला. विचार करा त्या बापाचं काय झालं असेल. बिशप द्या, बिशप द्या म्हणून जॉन्सन आयुष्यभर इंग्लंडला पत्रं लिहीत होता ते उगाच नाही.

आपल्याकडेही तीच गत होती की. मुंबईचं सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उघडलं, पण हिंदुस्थानाला पहिला अँग्लिकन बिशप मिळाला १८१४ मध्ये, तोही कलकत्त्याला, आणि मुंबईला स्वतःचा बिशप १८३७ मध्ये. शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईचं मुख्य चर्च बिनबिशपाचं.

दुर्गवेडा

अवांतर करतोय, धागाकर्त्याने सांभाळून घ्यावं. ज्या एलिहू येलच्या नावाने ते कॉलेज आहे तो मद्रासचा गव्हर्नर होता हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण १६९० मध्ये त्याच्याच कारकिर्दीत कंपनीने कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला विकत घेतला तो आपल्या मराठ्यांकडून! छत्रपती राजाराम महाराज तेव्हा जिंजीत, मोगलांचा वेढा, पैशाची चणचण. किल्ल्याबरोबर किती जमीन मिळणार तर किल्ल्यातून तोफ डागायची, गोळा जिथवर जाईल तिथवर. साहेबांनी अर्थातच चांगली लांब पल्ल्याची तोफ आणली. त्यालाच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड म्हणायला लागले.

आणि मद्रासला कमावलेल्या पैशातून या बाबाने १७१८ मध्ये कनेटिकटच्या कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि पहिल्या जॉर्ज राजाचं चित्र पाठवलं. माल विकून साडेपाचशे पौंडाच्या वर आले आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं.

कनेटिकटकर

दुर्गवेडा, हे अवांतर नाहीच हो, कारण एलिहू येल स्वतः अँग्लिकन होता आणि या बंडखोर पंथाच्या कॉलेजला पैसे द्यावेत का म्हणून कां कू करत होता. चार वर्षांनी त्याच कॉलेजचा रेक्टर अँग्लिकन झाला हे बघायला तो उरला नव्हता, १७२१ मध्येच गेला.

तर आता पहिला बिशप, सॅम्युअल सीबरी. हा १७२९ चा, कनेटिकटातल्याच ग्रॉटनकडचा. बाप आधी काँग्रिगेशनल आणि मग अँग्लिकन झालेला. हा येलला शिकला, एडिनबराला थोडं वैद्यकीचं शिक्षण, लंडनला दीक्षा, मग न्यू जर्सी, न्यूयॉर्क करत वेस्टचेस्टरला पाळक. अमेरिकन क्रांतीची धग सुरू झाली तेव्हा हा कट्टर राजनिष्ठ. १७७४ मध्ये वेस्टचेस्टरचा शेतकरी असं टोपणनाव घेऊन त्याने काँटिनेंटल काँग्रेसविरुद्ध (बंडखोर वसाहतींची एकत्र सभा) अशी खणखणीत पत्रकं काढली की त्याला उत्तर द्यायला किंग्ज कॉलेजातलं एक पोरगं पुढे सरसावलं, त्या पोराचं नाव अलेक्झांडर हॅमिल्टन. (त्या किंग्ज कॉलेजचा, म्हणजे आजच्या कोलंबियाचा, पहिला प्रेसिडेंट कोण तर वरचा आपला जॉन्सन.) नोव्हेंबर १७७५ मध्ये कनेटिकटहून आलेल्या टोळीने सीबरीला उचललं आणि न्यू हेवनला नेऊन डांबलं. सुटल्यावर तो न्यूयॉर्कला ब्रिटिशांच्या आश्रयाला गेला आणि राजनिष्ठ अमेरिकनांच्या एका रेजिमेंटचा चॅप्लेन झाला.

बाकीच्या पाळकांचीही पंचाईतच होती. दीक्षा घेताना राजाशी निष्ठेची शपथ घेतलेली, प्रार्थनापुस्तकात राजासाठी प्रार्थना छापलेली, ती म्हटली तर देशद्रोह आणि गाळली तर शपथभंग. जुलै १७७६ नंतर बऱ्याच जणांनी सरळ चर्चला कुलूप लावलं. न्यूटाउन आणि रेडिंगचा म्हातारा जॉन बीच मात्र शेवटपर्यंत राजासाठी प्रार्थना करत राहिला आणि १७८२ मध्ये गेला, चर्च काही त्याने बंद केलं नाही.

पुणेरी खवट

थोडक्यात काय, शत्रूच्या फौजेत नोकरी केलेल्या गद्दाराला लढाई हरल्यावर बिशप केलं. आणि ब्रिटिशांचं अर्धं वेतन पेन्शन म्हणून आयुष्यभर खाल्लं याने, ते सोयीस्कर विसरलात वाटतं.

कनेटिकटकर

विसरलो नाही खवटराव, येणारच होतं. पेन्शन घेतलं, आणि त्यावरून त्याला पुढे भरपूर ऐकूनही घ्यावं लागलं. पण त्याला निवडणाऱ्यांच्या जागी उभे राहून बघा.

२५ मार्च १७८३, वुडबरी गाव. शांततेचा पक्का करार अजून व्हायचाय. दहा पाळक गुपचूप एका पाळकाच्या घरी जमतात. घर आजही आहे, ग्लीब हाउस, लाकडी, बुटकं, आता म्युझियम आहे. तिकडे फिलाडेल्फियाचा पाळक विल्यम व्हाइट म्हणत होता की बिशप मिळेपर्यंत तात्पुरतं बिशपाशिवाय चालवू, पाळक आणि सामान्य सभासद मिळून. कनेटिकटवाल्यांच्या अंगावर काटा आला, कारण बिशपाशिवायचं चर्च कसं असतं ते शंभर वर्षं समोर दिसतच होतं, त्यातूनच तर निघून आले होते. त्यांनी आधी जेरेमाया लीमिंगला विचारलं, तो युद्धात खंगलेला, नको म्हणाला. मग सीबरी. एकही सामान्य सभासद त्या बैठकीत नव्हता, फक्त पाळक, हे पुढे भांडणाचं कारण झालं.

सीबरी लंडनला गेला. आर्चबिशप गोड बोलले, पण बिशपच्या दीक्षाविधीतच राजाच्या निष्ठेची शपथ, ती पार्लमेंटशिवाय गाळता येत नाही, आणि परक्या देशाच्या नागरिकाला ती देताही येत नाही. शिवाय तुमच्या कनेटिकट सरकारची परवानगी आहे का, तुमचा पगार कोण देणार, असले प्रश्न. सरकारी कचेरीतला अनुभव असलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. वर्ष उलटून गेलं, पैसे संपत आले. ज्या राजासाठी याने तुरुंग भोगला त्याच राजाच्या शपथेपायी याचं काम अडलं!

मग तो स्कॉटलंडला गेला. तिथले एपिस्कोपल बिशप हे जुन्या स्टुअर्ट राजघराण्याला धरून राहिलेले, १६८८ नंतरच्या राजांची शपथच न घेतलेले. १७४५ च्या बंडानंतर त्यांच्यावर असे कायदे लावले की घरच्यांशिवाय चार माणसांपेक्षा जास्त जमवून प्रार्थना चालवली तर पाळकाला शिक्षा. पण बिशपांची साखळी अखंड, आणि सरकारी शपथेचा प्रश्नच नाही. १४ नोव्हेंबर १७८४ रोजी अ‍ॅबरडीनला बिशप स्किनरच्या घराच्या माडीवर किलगोर, पेट्री आणि स्किनर या तिघांनी सीबरीच्या डोक्यावर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी लेखी करार केला, त्यात सीबरीने कबूल केलं की स्कॉटिश पद्धतीची प्रभुभोजनाची (भाकरी-द्राक्षारसाच्या विधीची) प्रार्थना कनेटिकटात चालवायचा प्रयत्न करीन. तो शब्द त्याने पाळला. १७८९ च्या अमेरिकन प्रार्थनापुस्तकात पवित्र आत्म्याला आवाहन करणारा जो भाग आहे तो या स्कॉटिश वळणाचा, त्या काळच्या इंग्लिश पुस्तकात तो नाहीच.

अस्मि

बापरे, म्हणजे इंग्लंडच्या राजाशी निष्ठा म्हणून तुरुंगात गेलेला माणूस शेवटी त्याच राजाला न मानणाऱ्यांकडून बिशप होऊन आला. पण मग बाकीच्या राज्यांनी मानलं का त्याला?

कनेटिकटकर

आपल्या लोकांनी मानलं. ऑगस्ट १७८५ मध्ये मिडलटाउनला सगळे पाळक जमले, रीतसर स्वागत झालं आणि ३ ऑगस्टला त्याने चार जणांना डीकनची (पाळकपदाची पहिली पायरी) दीक्षा दिली. अमेरिकेच्या भूमीवर अँग्लिकन दीक्षा पहिल्यांदा झाली ती ही, आता लंडनची वारी नको. न्यू लंडनला राहून तो कनेटिकटभर आणि ऱ्होड आयलंडला फिरला, दृढीकरणाला लोकांची रीघ लागली. डोक्यावर मायटर, म्हणजे बिशपची उंच टोपी, घालायचा, जो तेव्हा इंग्लंडमधले बिशपही घालत नव्हते, काँग्रिगेशनल शेजाऱ्यांना किती झोंबलं असेल!

बाहेर मात्र कटकट. न्यूयॉर्कचा सॅम्युअल प्रोव्होस्ट पक्का क्रांतिवाला, त्याला सीबरी डोळ्यासमोर नको. १७८६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने शपथेची अट काढणारा कायदा केला (अ‍ॅबरडीनचा धक्का बसल्यावर जाग आली असं माझं मत) आणि फेब्रुवारी १७८७ मध्ये व्हाइट आणि प्रोव्होस्ट लंडनला आर्चबिशपांच्या लॅम्बेथ राजवाड्यात बिशप झाले. आता अमेरिकेत दोन फळ्या, एक स्कॉटिश हातांची, एक इंग्लिश हातांची. चर्च तिथेच दुभंगलं असतं, पण व्हाइट शहाणा. १७८९ मध्ये फिलाडेल्फियाला समेट झाला, सीबरीची दीक्षा मान्य, आणि बिशपांचं वेगळं सभागृह हवं ही त्याची मागणीही मान्य. १७९२ मध्ये मेरीलँडच्या क्लॅगेटला बिशप करताना प्रोव्होस्ट, सीबरी, व्हाइट आणि व्हर्जिनियाचा मॅडिसन, चौघांनीही हात ठेवले. त्यामुळे दोन्ही साखळ्या एकत्र ओवल्या गेल्या, पुढे कुणाला तू कुठल्या हातचा विचारायची सोय राहिली नाही.

पुणेरी खवट

गद्दार तो गद्दारच. पण चिवट होता हे मान्य.

बँकवाले काका

आम्हाला दीक्षेतलं कळत नाही, पण शीर्षकातले बँकेचे पैसे कुठे आहेत? त्यासाठी तर धागा उघडला. असो, मीच सांगतो, आमच्या आवडीचा विषय.

१८१४ मध्ये हार्टफर्डला फिनिक्स बँक काढायची होती, पुढाकार घेणाऱ्यांत एपिस्कोपल व्यापारी बरेच. तेव्हा बँकेचा चार्टर, म्हणजे परवाना, विधिमंडळ द्यायचं आणि त्याबदल्यात बँक सरकारला बोनस द्यायची, चक्क उघड. यांनी ५०,००० डॉलर देऊ केले आणि अर्जातच सुचवलं की त्यातले काही येलच्या मेडिकलला आणि काही बिशप फंडाला द्या, कारण कनेटिकटच्या बिशपला पगार द्यायला धड निधी नव्हता. दुसरा बिशप जार्व्हिस १८१३ मध्ये वारलेला, गादी रिकामी. विधिमंडळाने बोनस घेतला, येलला २०,००० दिले, आणि बिशप फंडाला भोपळा. काँग्रिगेशनल फेडरलिस्ट (तेव्हाचा सत्ताधारी पक्ष) मंडळींना वाटलं असेल काय करणारेत हे.

हे लोक तोवर फेडरलिस्टांनाच मतं द्यायचे, पैसेवाले होते ना. ते उठले आणि बाप्टिस्ट, मेथडिस्ट, जेफरसनवाले (फेडरलिस्टांचे विरोधक) अशा सगळ्या नाराजांच्या टोलरेशन पार्टीत जाऊन बसले. तिकिटावर लेफ्टनंट गव्हर्नरला एपिस्कोपल माणूस, जोनाथन इंगरसॉल. १८१७ मध्ये ऑलिव्हर वोलकॉट गव्हर्नर झाला, १८१८ मध्ये नवीन राज्यघटना, दीडेक हजार मतांनी पास, आणि काँग्रिगेशनल चर्चचा सरकारी दर्जा खलास. नुसता धर्मस्वातंत्र्याचा विचार पुरला नसता हो, बँकेच्या बोनसचा राग लागला.

कनेटिकटकर

काका, जोरदार! त्यात एवढीच भर की १८१९ मध्ये आलेला तिसरा बिशप ब्राउनेल याने येलची मक्तेदारीही मोडली. १८२३ मध्ये हार्टफर्डला वॉशिंग्टन कॉलेज काढलं, आताचं ट्रिनिटी कॉलेज. येलने शिक्षकांसाठीची धर्ममताची अट त्याच वर्षी काढून टाकली, योगायोगच म्हणायचा! कॉलेजची मूळ जागा पुढे शहराने घेतली आणि आज तिथे स्टेट कॅपिटल आहे.

मेरिडनवासी

सगळा धागा गोऱ्या बिशपांचाच झालाय म्हणून लिहितो. त्याच न्यू हेवनच्या ट्रिनिटीत काळ्या सभासदांना बरोबरीची वागणूक नव्हती, ते बाहेर पडले आणि १८४४ मध्ये सेंट ल्यूक्स ही स्वतःची मंडळी काढली. तिचा पहिला खजिनदार अलेक्झांडर डु बॉइस, म्हणजे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचे आजोबा. तिथला १८५६ पासूनचा रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, जेम्स थिओडोर हॉली. या माणसाचं ठाम मत की अमेरिकेत काळ्यांना न्याय मिळणार नाही, आणि १८६१ मध्ये शंभरावर माणसं घेऊन तो थेट हैतीला गेला. पहिल्या वर्षभरातच तापाने बरीच माणसं दगावली, त्यात त्याची आई, बायको आणि मुलं. तरी तो परत आला नाही, आणि १८७४ मध्ये हैतीचा बिशप झाला, एपिस्कोपल चर्चमधला पहिला आफ्रिकन अमेरिकन बिशप. कनेटिकटच्या धर्मप्रांताच्या प्रमुखपदी पहिला काळा बिशप यायला १९९४ उजाडलं, गयानात जन्मलेले क्लॅरेन्स कोलरिज.

आणि आता धर्मप्रांताचं ऑफिस आमच्या मेरिडनला एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे. हार्टफर्डचा मोठा बंगला सोडून इकडे आले. मला आवडलं ते.

नगरी मिसळ

मेरिडनवासी, हॉलीबद्दल वेगळा धागा काढाच.

आता आमच्या गावाकडचं सांगतो. १८१३ मध्ये मुंबईला अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारे दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट. यातला नॉट मूळचा कनेटिकटच्या फ्रँकलिनचा, काँग्रिगेशनल पाळकाचा मुलगा. म्हणजे वर ज्यांनी बिशप फंडाला भोपळा दिला त्यांच्याच पंथातला. या मिशनचं मोठं ठाणं पुढे नगरला झालं, रेव्हरंड टिळक त्याच मिशनचे. मग १८७० च्या दशकात एसपीजी, म्हणजे परदेशात धर्मप्रसार करणाऱ्या इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेचं मिशन, नगरला आलं, हेच ते एसपीजी ज्यांनी कनेटिकटात पाळक पोसले होते, आणि इथेही तीच जुंपली, आमची माणसं तुम्ही पळवता म्हणून. माझी आजी मिशन कंपाउंडमधली आणि आजोबा एसपीजीचे, लग्न ठरताना कुणाच्या पद्धतीने लावायचं यावरून दोन्हीकडचे पंच बसले होते म्हणे.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि दोघेही त्यात आले. काँग्रिगेशनलवाल्यांनी बिशप पत्करले, तेही हस्तारोपणासकट, म्हणजे डोक्यावर हात ठेवण्याच्या विधीसकट. कनेटिकटात मात्र ट्रिनिटी आणि शेजारची दोन अजून वेगवेगळीच आहेत ना?

कनेटिकटकर

वेगवेगळीच, पण आता जाणं-येणं आहे, भांडण काही नाही. नगरचं मला अजिबात माहीत नव्हतं, झकास.

अस्मि

आम्ही ऑक्टोबरात पानं बघायला तिकडे येतोय. यातलं एक दिवसात काय काय होईल? सीबरीची कबर आहे का कुठे?

कनेटिकटकर

कबर न्यू लंडनला सेंट जेम्स चर्चमध्ये. १७९६ मध्ये गेला तेव्हा गावच्या दफनभूमीत पुरलं होतं, १८४९ मध्ये चर्चमध्ये आणलं. पण ते समुद्राकडे आणि वुडबरी दुसऱ्या टोकाला, एका दिवसात दोन्ही ओढाताण होईल. पानं बघायचीत तर वुडबरीच करा, रस्ता सुंदर आहे. ग्लीब हाउसला इंग्लंडच्या प्रसिद्ध उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल बाईंनी आखलेली बाग आहे, अमेरिकेत त्यांची शिल्लक राहिलेली ही एकच. म्युझियम कधी उघडं असतं ते आधी फोन करून विचारा, रोज नसतं. परतताना न्यू हेवनला थांबा, ग्रीनवर पार्किंगची बोंब आहे, गाडी यूनियन स्टेशनच्या गॅरेजला लावून चालत गेलेलं बरं.